फिल्टरचा काठ

४ फेब्रुवारी

ही वही टोळासाठी. टोळ म्हणजे माझी मोटरसायकल. वय पंचेचाळीस, एकच सिलिंडर, लांब पाय आणि उंच शेपूट. उभी असली तरी आता उडी मारेल असं वाटतं, म्हणून टोळ. गुळगुळीत रस्त्यासाठी ती जन्मलीच नाही, दगडधोंडे आणि चढणींसाठी जन्मली. काय काम केलं, कधी केलं, एवढंच इथे लिहायचं. वजनमाप खात्यात चौतीस वर्षं काढल्यामुळे नोंद नाही तर काम झालंच नाही असं वाटतं.

आज दुपारी मुलगी आली. ती दातांच्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर ती एकेक दात मेणात बसवते. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, चोवीस मार्चला जुन्या खाणीवर शर्यत आहे. तीस वर्षांवरच्या गाड्यांची. मी नाव दिलंय."

"कुठल्या गाडीवर?"

"घरात दुसरी आहे का?"

मनातून गुदगुल्या झाल्या, पण तोंडावर दाखवलं नाही. म्हटलं, "मान्य. पण टोळाला स्पॅनर लावायचा तो मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

"निदान एअर फिल्टर तरी मला करू द्या. धुवायचा नि बसवायचा, त्यात काय?"

"त्यात काय? इंजिन त्यातूनच हवा ओढतं. खाणीतली धूळ पिठासारखी असते. चिमूटभर आत गेली तर पिस्टन खरवडून निघतो. एअर फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे."

ही, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "चहाची गाळणी तरी कधी धुतलीत तुम्ही?"

संध्याकाळी बाजूचं झाकण काढलं. फोम हात लावताच भुगा होऊन पडला. शिळ्या पावासारखा. म्हणजे नवीन करावा लागणार. आतला पंखांचा, हाताने फिरवायचा नट तीनदा हातातून निसटला, तिसऱ्यांदा कपाटाखाली गेला. हल्ली नटांना आटे नीट पाडत नाहीत.

६ फेब्रुवारी

लंबूच्या दुकानात गेलो. लंबू माझा तरुणपणचा जोडीदार. दोघांनी मिळून एकेकाळी बऱ्याच टेकड्या नासवल्या. आता तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो, आणि सल्ले फुकट देतो.

"ये तराजू," म्हणाला. चाळीस वर्षं मला तो याच नावाने हाक मारतो. "तुझ्या टोळाचा फिल्टर जगात कुठे मिळणार नाही. हा दुसऱ्या गाडीचा आहे, थोडा कातरलास की बसेल."

"दुसऱ्याचे दात माझ्या तोंडात?"

"तुझी पोरगी तेच करून पोट भरते ना?"

मी फोमची लादी घेतली, गोंद घेतला, धूळ धरणारं फिल्टरचं तेल घेतलं. घरीच शिवीन म्हटलं. लंबूने चहा दिला तो अर्धा मांडीवर सांडला. त्याच्या कपांना कान असे निमुळते की बोट धड अडकत नाही. त्याला तसं सांगितलं. तो हसला नाही. एरवी कपाला नावं ठेवली की अर्धा तास भांडतो.

९ फेब्रुवारी

सगळा दिवस फोम कापण्यात गेला. जाळीचा सांगाडा असतो, त्यावर फोमची बाही चढवायची, तोंडाशी काठ जाड ठेवायचा. तो काठ फिल्टर बसतो त्या पत्र्याच्या खोक्याच्या भिंतीला दाबून बसला पाहिजे, कारण धूळ फोममधून कमी आणि काठाच्या फटीतून जास्त जाते. हे मी चाळीस वर्षांपूर्वी शिकलो आहे.

पहिली बाही तिरकी झाली, दुसरी आखूड.

ही दारात उभी राहून बघत होती. "मी कापून देऊ का? माझा शिवणाचा हात आहे."

"हे परकर-पोलकं नाही."

"बरं." मग जाताना, "नाचता येईना अंगण वाकडं."

कात्री बोथट आहे, हे मी तिला तीन वेळा सांगितलं होतं. तिने त्याच कात्रीने दुपारी कागद कापला तर सर्रकन कापला गेला. कागदाचं काय, कागद कशानेही कापतो.

तिसरी बाही जमली. गोंद वाळायला ठेवला आहे. शर्टाची वरची दोन बटणं लागेनात म्हणून तशीच उघडी ठेवून जेवायला बसलो. शिंपी नवीन आहे, काजं लहान करतो.

११ फेब्रुवारी

आज पहिली चाचणी आणि पहिली फजिती.

सकाळी फोमला तेल लावलं. तेल ओतायचं, मळायचं, जास्तीचं दाबून काढायचं. बोटांना चिकट लागलं की पुरे. पण हे तेल चिकट लागेचना. पाण्यासारखं. आणखी ओतलं. आणखी मळलं. शेवटी पाऊण डबा संपला.

मुलगी आली, टोळ मागच्या अंगणात सुरू केला. काळा धूर, खोकला, आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"कार्बोरेटरची सुई," मी म्हटलं.

तिने मला न विचारता झाकण काढलं, फिल्टर बाहेर घेतला आणि मुठीत दाबला. तेलाची धार लागली. वाटीभर निघालं असेल.

"बाबा, हा तर बुडवून काढलाय. यातून हवा जाणार कशी?"

"तेलच भेसळीचं आहे. हाताला काही लागतच नाही."

तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून उघडली. तार निघाली. मग माझी बोटं धरून तसंच केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काही लागतं?"

"लागतं की."

खोटं बोललो. पण कशाला बोललो ते कळत नाही. तेल लागलं काय, नाही लागलं काय, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

जाताना तिची आणि हिची फाटकापाशी बरीच कुजबुज. मी बाहेर गेलो तर गप्प.

१४ फेब्रुवारी

सायलेन्सरला हात टेकून उभा होतो. ही ओरडली तेव्हा कळलं. तळहाताला फोड आला आहे, रुपयाएवढा. ही रडकुंडीला आली. मी म्हटलं, "चौतीस वर्षं साहेबाची बोलणी खाल्ली, कातडी जाड झाली."

विनोद चांगला होता. कुणी हसलं नाही.

१८ फेब्रुवारी

फिल्टर रॉकेलमध्ये धुतला, मग कोमट साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवला. या वेळी तेल मापून घातलं. बोटांवर भरवसा नाही तर मापावर ठेवावा, आमच्या खात्याचं तत्त्वच ते.

लंबूच्या टेंपोत टोळ घालून तिघं खाणीवर गेलो. खाण बंद पडून वीस वर्षं झाली असतील. मध्ये हिरवट पाण्याचं डबकं, भोवती पांढरी वाट, आणि मागे चढण. मुलीने आठ फेऱ्या मारल्या. काय चालवते पोर! चढणीवर उभी राहते, वळणावर पाय टेकत नाही. लंबू म्हणाला, "तुझ्यापेक्षा बरी आहे."

"मी तिला कधी शिकवलं नाही. आपोआप आलं."

"म्हणून बरी आहे."

नवव्या फेरीला इंजिन जरा अडखळलं. प्लग काढून बघितला, टोक पांढुरकं. म्हणजे हवा जास्त ओढतंय. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलला पाहिजे. फिल्टरकडे बोट दाखवायचं कारण नाही. तो मी स्वतः बसवला आहे, काठावरून बोट फिरवून खात्री केली आहे.

खाणीतून वर येताना पायऱ्यांवर दोनदा ठेचकाळलो. लंबूने दंड धरला. झटकला मी. म्हातारा समजतो का?

२१ फेब्रुवारी

हिच्याशी कडाक्याचं भांडण. कारण काय, तर तिने उंबऱ्याजवळचं पायपुसणं उचलून ठेवलं, माझ्या सपाता बदलून पट्ट्याच्या आणल्या, आणि काचेचे पेले वरच्या फळीवर ठेवून मला स्टीलचा पेला दिला.

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"या महिन्यात चार पेले फुटलेत."

"घसरडे होते."

"चारही?"

मग ती म्हणाली, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, कशासाठी? पेले फुटले म्हणून? डॉक्टर हसेल. ती म्हणाली, हसू दे. मी म्हटलं, चोवीस मार्चनंतर बघू. तिने पदराने ओटा पुसला. फडकं शेजारीच होतं.

आज अक्षरही घाणेरडं आलं आहे. वही खालून टणक पाहिजे.

२५ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

खाणीवर दुसरी चाचणी. नवीन जेट घातला होता. सकाळी फिल्टर पुन्हा धुऊन, तेल लावून, काठाला ग्रीस लावून बसवला. पंखांचा नट आवळला. लंबू म्हणाला, एकदा मुलीला बघू दे. मी म्हटलं, गरज नाही.

सहावी फेरी. मागच्या चढणीवर अर्ध्यात असताना इंजिनाचा आवाज बारीक झाला, चिरकला, आणि एकदम थांबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडी आडवी झाली आणि पोर दगडांवर. मी खाली उभा होतो. पळालो. पाय माझे नसल्यासारखे पडत होते, पण पळालो. माझ्या आधी लंबू पोचला.

गुडघा सोललाय, कोपर सुजलंय. हाड शाबूत. हेल्मेटला केवढा चरा. दोन हात पलीकडे कडा होता. तीस फूट खाली ते डबकं.

लंबूच्या दुकानात गाडी उघडली. पिस्टनवर उभे ओरखडे, जणू कुणी काट्याने ओढलेत. फिल्टरपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत मुलीने बोट घातलं. पांढरं होऊन बाहेर आलं.

मग तिने फिल्टरच्या तोंडाकडे दिवा धरला. काठ एका बाजूला आत दुमडला होता, चार बोटं लांबीचा. तिथून फट. सरळ सगळी खाण आत.

मग तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, काठावरून बोट फिरवलं होतंत ना?"

"फिरवलं होतं."

आणि खरंच फिरवलं होतं. तीनदा. बोटाने सांगितलं, सगळं ठीक आहे.

२६ फेब्रुवारी

ही बाजारात गेल्यावर कपाटातली पितळी वजनांची पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिली होती. लहान वजनांच्या डोक्यावर आकडे कोरलेले आहेत. आम्ही नवीन असताना आमचे साहेब डोळे मिटायला लावून आकडा वाचायला सांगायचे, बोटांनी. मी कधी चुकलो नव्हतो. एका दुकानदाराने आकडा घासून बदललेला मी असाच पकडला होता.

डोळे मिटले. पहिलं वजन घेतलं. आकडा लागेना. दुसरं. तिसरं. शेवटी आकडा आहे की नाही हेही कळेना. हातमोजे घालून हात फिरवावा तसं. उजवा जास्त, डावा थोडा कमी.

कधीपासून? माहीत नाही. कपाचे कान, कात्री, नट, काजं, पेले, तेल. किती जणांना बोल लावले मी. आणि काल पोरगी कड्यापासून दोन हातांवर पडली.

पेटी परत ठेवली. हिला सांगितलं नाही. कसं सांगायचं ते सुचत नाही. आधी तिला सांगायचं का पोरीला?

२८ फेब्रुवारी

सांगावं लागलंच नाही.

आज कामाचा दिवस असून मुलगी आली, लंगडत. मागे लंबू. ही चहा न करता येऊन बसली, तेव्हाच ओळखलं की कट आहे.

लंबू म्हणाला, "तराजू, माझ्या दुकानातल्या कपाचा कान चांगला होता. मी त्या दिवशीच तुझ्या बायकोला फोन केला."

"म्हणजे तिघं मिळून माझ्या पाठीमागे—"

"समोर बोलायची सोय आहे का तुमच्याशी?" ही म्हणाली. "बटणं मी लावून देऊ म्हटलं तर शिंप्याला शिव्या. हात भाजला तर विनोद. मला भीती वाटते हो. तुम्हाला वाटत नाही का?"

मी खूप बोललो. म्हटलं, माझ्या घरात माझीच चौकशी समिती. लंबूला म्हटलं, तू आधी स्वतःचे गुडघे बघ. मुलीला म्हटलं, तुला शर्यतीसाठी गाडी हवी, म्हणून मी बरा व्हायला हवा. ते बोललो आणि लगेच जीभ चावली.

ती रडली नाही. म्हणाली, "डोळे मिटा." मिटले. तिने तळहातावर काहीतरी ठेवलं. "काय आहे?"

मी बराच वेळ चाचपलं. "दगड."

"दाढ आहे, बाबा. मेणातली. चावायची बाजू वर आहे की खाली?"

नाही सांगता आलं. डोळे उघडले तर तिघंही दुसरीकडे बघत होते.

सोमवारी डॉक्टर.

४ मार्च

डॉक्टर तरुण बाई. हातोडीने गुडघे ठोकले, पाय असा उडाला की त्यांना लागता लागता राहिलं. मधल्या बोटाला टिचकी मारली तर अंगठा आपसूक हलला. बोटांच्या टोकांना टाचणी टोचली, कुठे टोचते सांगा म्हणाल्या. निम्म्या वेळा चुकलो. मग एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावून सरळ रेषेत चाला. चार पावलांत भिंत.

"किती दिवसांपासून होतंय?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "आठ महिने."

आठ! आणि मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं होतं म्हणे.

८ मार्च

मानेचे फोटो आले. मणके झिजून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला आहे, हातांत काही बिघाड नाही. डॉक्टरबाईंनी काळ्या फोटोवर पेन ठेवून दाखवलं. पांढरी दोरी, आणि एका जागी चिमटा घेतल्यासारखी.

"ऑपरेशन लवकर केलेलं बरं. गेलेली संवेदना परत येईलच असं सांगत नाही. थोडी येते, कधी येत नाही. पण आहे ती वाचवायची आहे. तोवर पडू नका. जोराचा धक्का बसला तर हातपाय कायमचे लुळे पडतील."

"पंचवीस मार्च चालेल?"

"एकोणीस तारीख मोकळी आहे."

"चोवीसला माझ्या मुलीची—"

"एकोणीस," मुलगी म्हणाली. "नाहीतर मी नाव काढून घेते."

"गाडीचं इंजिन उघडं पडलंय. कोण करणार?"

"लंबूकाका सिलिंडर नवीन पिस्टनच्या मापाला करून आणणार आहेत. बाकी मी करेन. तुम्ही सांगायचं."

पंचेचाळीस वर्षांत टोळाचं इंजिन दुसऱ्या माणसाने जोडलं नाही. आता मी स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या.

१० मार्च

हाकल्या. आणि शेळ्या ऐकत नाहीत.

मी म्हणतो फोम असा धर, ती तसा धरते. मी म्हणतो कात्री आडवी, ती कात्री घेतच नाही, तिच्या कामाचं पातं आणलंय, त्याने लोण्यासारखा कापते. तिसऱ्या चुकीला मी उठलो, हातातून काढून घ्यायला. उठताना झोक गेला. हिने मागून खांदा धरून खाली बसवलं. "बसा."

"ती चुकतेय."

"चुकू दे. तुम्ही काय पहिल्या दिवशी शिकलात?"

खरं तर ती चुकत नव्हती. माझ्यापेक्षा वेगळं करत होती. बाही एका दमात जमली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोटात दुखलं. हे लिहितो कारण ही वही कुणी वाचणार नाही.

१३ मार्च

आज एक विलक्षण गोष्ट. मुलीने फिल्टर बसवला, आवळला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. चार वेळा. मग म्हणाली, "एका जागी दाब कमी लागतोय."

बॅगेतून गुलाबी मेण काढलं, गरम केलं, खोक्याच्या भिंतीवर दाबून ठसा घेतला. कवळीसाठी हिरड्यांचा घेतात तसा. मेण थंड झाल्यावर काचेवर ठेवलं. एका बाजूला खालून उजेड दिसत होता. खोक्याची भिंतच वाकलेली आहे! जिथे काठ दुमडला होता, नेमकी तीच बाजू.

मी स्टुलावरून जवळजवळ ओरडलोच. "बघ! म्हणजे चूक खोक्याची!"

तिने मेण बोटांत फिरवलं. "दोघांची, बाबा."

लंबू खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

भिंत लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ केली. तिने. मी ठोकळा धरला होता. म्हणजे तिने सांगितलं, "घट्ट धरा," तेव्हा मी डोळ्यांनी बघून धरला. बघितलं तर जमतं. न बघता जमत नाही, एवढाच फरक.

१७ मार्च

खाणीवर शेवटची चाचणी. मला नेलं नाही. पडू नका या हुकुमात आता खाणीच्या पायऱ्याही आल्या. घरात येरझाऱ्या घातल्या, तर ही म्हणाली येरझाऱ्याही बसून घाला.

लंबूचा फोन आला. "दहा फेऱ्या झाल्या. गाडी गाते आहे."

"फिल्टर काढून बघितला?"

"बघते आहे पोरगी."

"आतून काठ—"

"अरे, तिला डोळे आहेत. बोटंही आहेत." मग लगेच म्हणाला, "तसं म्हणायचं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणायचं होतं तसंच म्हण. बरोबर आहे ते." आणि फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, सिलिंडरचं काम चांगलं झालं असणार, तूच आणलंस म्हटल्यावर. तो म्हणाला, तराजू, तुला खरंच बरं नाही.

१८ मार्च

उद्या पहाटे उपाशीपोटी जायचं. पिशवी भरून झाली. ही शांत आहे, चादरीच्या घड्या पुन्हा पुन्हा घालते आहे.

मुलगी संध्याकाळी आली तेव्हा तिला सगळं परत सांगून घेतलं. रॉकेल, साबण, सावली, तेल, काठ, ग्रीस. ती म्हणाली, "पाठ आहे." तरी एकदा म्हणायला लावलं. म्हटलं तिने.

मग मी म्हटलं, "त्या दिवशी तू पडलीस ते माझ्यामुळे."

ती म्हणाली, "हो."

एवढंच. नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं, पण विश्वास बसला नसता. मग माझ्या शर्टाचं बटण लावून गेली.

२४ मार्च

(हे अक्षर माझं, म्हणजे ह्यांच्या बायकोचं. ह्यांच्या गळ्याला पट्टा आहे, मान खाली करता येत नाही, म्हणून हे सांगतात आणि मी लिहिते. मागची पानं वाचली नाहीत. वाचता येण्यासारखं अक्षर असतं तर वाचली असती.)

ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. काल घरी आणलं. गिळताना घसा दुखतो. डाव्या हाताला फरक वाटतो असं मी म्हणतो, डॉक्टरबाई म्हणतात एवढ्यात काही म्हणू नका.

(उजव्याला काही फरक नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, मी लिहिते आहे.)

दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून होतो. शर्यत नऊला सुरू होणार होती. अकरापर्यंत फोन नाही. बारापर्यंत नाही. मी हिला म्हटलं, तू लाव. ही म्हणाली, हातात हँडल असताना पोर फोन कसा घेईल? साडेबाराला मीच लावायला लावला. उचलला नाही. त्यानंतर हीच दर पाच मिनिटांनी लावत होती.

(खरं आहे.)

चारला टेंपोचा आवाज. पोरगी आत आली ती नखशिखान्त पांढरी. पापण्यासुद्धा पांढऱ्या, हसली तेव्हा तेवढेच दात वेगळे दिसले. मागून लंबू.

"कितवी?" हिने विचारलं.

मी त्याच वेळी विचारलं, "फिल्टर?"

"नववी. सतरा जणांत," मुलगी म्हणाली. "तीन गाड्या धुळीने बंद पडल्या. आपली नाही."

फिल्टर तिने पिशवीत घालून आणला होता, मी विचारणार हे तिला माहीत असणार. मान वळवता येत नाही म्हणून तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. बाहेरून चिखलासारखा जाड थर. मग उलटा केला. आतून तेलाचा निळा रंग, जसा लावला तसा.

"हातात दे," म्हटलं.

तिने दोन्ही तळहातांवर ठेवला. पोत काही लागला नाही. वजन कळलं. धुळीने दुप्पट झालं आहे, एवढं नक्की सांगतो.

"काठ कसा लागतोय?" मी विचारलं. "नीट फिरवून सांग."

ती खाटेच्या कडेला बसली, माझ्या हातांतल्या फिल्टरच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं, पूर्ण एक फेरी. "चिकट आहे. सगळीकडे सारखा. एका जागी गोंदाची गाठ आहे, बारीक. कण नाही एकही."

"गाठ कुठल्या बाजूला?"

"तुमच्या अंगठ्यापाशी."

"पुढच्या वेळी तिथे पात्याने साफ कर. आणि धुताना पिळू नकोस, दाब."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली. आणि मग कशी कोण जाणे, रडायला लागली, चेहऱ्यावरच्या धुळीत दोन रेघा. लंबू म्हणाला, मी टेंपो नीट लावलाय का बघून येतो. टेंपो नीटच लावला होता, मला खिडकीतून दिसत होता.

ती अंघोळीला गेल्यावर मी हिला वही घ्यायला सांगितली. नोंद अशी: शर्यत पूर्ण. बारा फेऱ्या. इंजिन ठीक. नळीत धूळ नाही. फिल्टर मुलीने बसवला, आणि माझ्यापेक्षा चांगला बसवला.

(हे शेवटचं वाक्य खोड म्हणतात. पोरीने वाचलं तर तिच्या डोक्यात हवा जाईल म्हणे. मी खोडत नाही.)